पोर्तुगालचे जनरल रामाल्यो इआनिश: सैनिक ते राष्ट्राध्यक्ष, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे इआनिश नक्की कोण?

आंतोनियो रामाल्यो इआनिश, पोर्तुगालच्या आर्मीतले अधिकारी, जे १९७६ मध्ये थेट निवडणुकीतून देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९८६ पर्यंत, म्हणजे सलग दोन टर्म त्या खुर्चीत राहिले. जन्म २५ जानेवारी १९३५, गाव अल्काइन्श, पोर्तुगालच्या आतल्या भागात कास्तेलो ब्रांको शहराजवळ. वडील बांधकामाचे ठेकेदार, घर साधंच. १९७४ च्या क्रांतीनंतर पोर्तुगालमध्ये जे थेट मतदानाने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष झाले त्यातले हे पहिले. आपल्याकडे सालाझार, तिथला हुकूमशहा, सगळ्यांना माहितीये, पण सालाझारचं राज्य संपल्यावर ज्या माणसाने तिथली लोकशाही रुळावर आणली त्याचं नाव फारसं कोणी ऐकलेलं नसतं, म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय.

गोव्याशी ह्यांचा काही संबंध आहे का?

आहे. तरुण अधिकारी असताना त्यांचं पहिलं परदेशातलं पोस्टिंग गोव्यातच होतं, १९५८ च्या सुमारास ते आले आणि साधारण दोन वर्षं होते. तेव्हा गोवा, दमण, दीव पोर्तुगालच्या ताब्यात होतं, दादरा नगर हवेली मात्र १९५४ लाच आपल्या लोकांनी सोडवलेलं (त्यात सुधीर फडके होते हे बऱ्याच मराठी माणसांना माहिती असेल), आणि १९५५ च्या पंधरा ऑगस्टला सत्याग्रहींवर झालेला गोळीबारही होऊन गेलेला. म्हणजे ज्या वर्षांत इआनिश इथे होते त्या वर्षांत पोर्तुगीज सैन्यातल्या कुठल्याही डोळस अधिकाऱ्याला कळत होतं की हे फार दिवस टिकणार नाही. १९६१ च्या डिसेंबरमध्ये भारतीय सैन्य आलं तेव्हा ते इथे नव्हते.

१९६१ ला गोवा गेल्यावर पोर्तुगीज सैन्यात काय झालं? ते इतकं महत्त्वाचं का मानतात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो कारण इथूनच पुढचं सगळं समजतं. सालाझारने लिस्बनहून गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्व्हा यांना हुकूम पाठवला होता की शरण जायचं नाही, शेवटपर्यंत लढायचं, आपले सैनिक एकतर जिंकलेले दिसले पाहिजेत नाहीतर मेलेले. आता तीन-साडेतीन हजार माणसं, धड विमानं नाहीत, जुनी शस्त्रं, आणि समोर पूर्ण भारतीय सैन्य. व्हासालो ए सिल्व्हांनी १९ डिसेंबर १९६१ ला शरणागती पत्करली आणि शेकडो पोरांचे जीव वाचवले, गोव्यातल्या लोकांचेही. त्याबद्दल सालाझारने काय दिलं तर १९६३ मध्ये त्यांना आणि आणखी काही अधिकाऱ्यांना सैन्यातून काढून टाकलं, आणि कैदेतून सुटून परत गेलेल्या साध्या सैनिकांना पण मायदेशात गुन्हेगारासारखी वागणूक मिळाली.

पोर्तुगीज सैन्यातला प्रत्येक अधिकारी हे बघत होता. पुढे आफ्रिकेतल्या वसाहतींत युद्ध पसरलं, विशेषतः गिनी-बिसाऊत परिस्थिती हाताबाहेर जायला लागली, तेव्हा अधिकाऱ्यांच्या मनात भीती हीच होती की आता दुसरा गोवा होणार, राजकीय तोडगा काढायची हिंमत सरकारमध्ये नाही आणि हरलो की खापर आपल्याच डोक्यावर फुटणार. म्हणजे १९७४ मध्ये सैन्यच सरकारवर उलटलं त्याच्या अनेक कारणांतलं एक आपल्या मांडवीच्या काठावर तयार झालं होतं. आपण गोवा मुक्तीचा इतिहास १९ डिसेंबरला थांबवतो, त्या दिवसाने तिकडे लिस्बनमध्ये काय सुरू केलं ते वाचतच नाही.

आफ्रिकेत ते कुठे कुठे होते?

गोव्यानंतर मकाव, मग मोझांबिक, मग गिनी-बिसाऊ, शेवटी अंगोला. म्हणजे पोर्तुगालचं जवळजवळ सगळं साम्राज्य त्यांनी युनिफॉर्म घालून बघितलं, तेही ते कोसळत असताना. गिनीत तिथले गव्हर्नर जनरल स्पिनोला यांच्या हाताखाली रेडिओ आणि प्रेसचं खातं त्यांच्याकडे होतं, आणि ह्याच गिनीत ओतेलो सराइव्हा द कार्व्हाल्यो पण होता, जो पुढे क्रांतीचा प्लॅन करणार होता आणि नंतर इआनिशांच्या विरुद्ध निवडणुकीला उभा राहणार होता. १९७३ मध्ये पोर्तो शहरात वसाहतींच्या युद्धाला पाठिंबा द्यायला एक मोठी परिषद भरवली गेली, तेव्हा सैन्याच्या नावाने असलं काही बोलायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला असा निषेध ज्या अधिकाऱ्यांनी नोंदवला त्यात इआनिश पुढे होते.

२५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीत त्यांचा काय रोल होता?

त्या दिवशी काहीच नाही, ते अंगोलात होते. बरेच जण सरसकट लिहितात की त्यांनी क्रांती केली, ते बरोबर नाही. क्रांती केली ती कॅप्टन आणि मेजर लेव्हलच्या अधिकाऱ्यांनी, रेडिओवर ठरलेलं गाणं लागलं की निघायचं असा सिग्नल होता, आणि संध्याकाळपर्यंत काइतानोने (सालाझारनंतरचा पंतप्रधान) सत्ता सोडली. लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली ते फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात.

इथे अजून एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. लिस्बनजवळ काशियाश नावाचा तुरुंग आहे, क्रांतीनंतर दोनच दिवसांत तिथले राजकीय कैदी सोडले. त्याच काशियाशमध्ये गोवा मुक्तीसाठी लढलेले आपले मोहन रानडे अनेक वर्षं बंद होते, गोवा मुक्त झाला तरी त्यांना सोडलं नाही, १९६९ च्या जानेवारीत कुठे सुटले. म्हणून त्या तुरुंगाची दारं उघडली ही बातमी आपल्यासाठी परक्या देशाची बातमी नाही असं मला मनापासून वाटतं.

मग एकदम टीव्हीचे प्रमुख कसे झाले?

क्रांतीनंतर त्यांना अंगोलाहून बोलावून घेतलं आणि सरकारी टीव्हीवर आणलं, गिनीतल्या रेडिओच्या कामाचा अनुभव होताच. थोड्याच महिन्यांत ते त्या चॅनलचे अध्यक्ष झाले. पण ११ मार्च १९७५ ला स्पिनोलांच्या गटाने उलटा बंडाचा प्रयत्न केला, तो फसला, स्पिनोला स्पेनला पळाले, आणि स्पिनोलांचा जुना माणूस म्हणून इआनिशांवर पण संशय आला. त्यांनी लगेच राजीनामा दिला आणि स्वतःच चौकशीची मागणी केली. चौकशीत काही निघालं नाही.

२५ नोव्हेंबर १९७५ ला नक्की काय झालं?

हे जरा सविस्तर सांगावं लागेल. १९७५ चा उन्हाळा पोर्तुगालमध्ये फार तापलेला होता. ११ मार्चनंतर बँका आणि विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, दक्षिणेकडे आलेंतेजोत शेतमजुरांनी मोठ्या जमीनदारांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, उत्तरेकडे कम्युनिस्ट पक्षाची ऑफिसं जाळली जात होती, आफ्रिकेतून लाखो पोर्तुगीज बॅगा घेऊन परत येत होते आणि त्यांना ठेवायला जागा नव्हती. सैन्यातच तीन-चार गट पडलेले. बराकीत सैनिक मीटिंगा घेऊन ठरवायचे की कुठला हुकूम पाळायचा. नोव्हेंबरमध्ये बांधकाम कामगारांनी संसदेला वेढा घातला आणि पंतप्रधानांसकट सगळ्यांना आत अडकवून ठेवलं, त्यानंतर थोड्या दिवसांनी २० तारखेला सरकारनेच जाहीर केलं की आम्ही संपावर जातोय, आम्हाला काम करायला सुरक्षितता द्या मग बघू. जगात असं दुसरं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

ह्या सगळ्यात मेलो आंतुनिश, व्हास्को लोरेन्सो वगैरे मवाळ अधिकाऱ्यांचा एक गट होता, 'नऊ जणांचा गट' म्हणायचे. त्यांना ना जुनी हुकूमशाही हवी होती ना नवी. पण उद्या कोणी उठाव केलाच तर सैनिकी उत्तर काय द्यायचं, कुठली तुकडी कुठे जाईल, कोणावर भरवसा ठेवता येईल, ह्याचा शांत डोक्याने प्लॅन करणारा माणूस हवा होता, आणि तो प्लॅन आधीपासून तयार करून ठेवला लेफ्टनंट कर्नल इआनिशांनी.

२५ तारखेला पहाटे डाव्या गटाच्या पॅराट्रूपर्सनी हवाई दलाचे तळ ताब्यात घेतले. राष्ट्राध्यक्ष कोश्ता गोमिश यांनी लिस्बन भागात आणीबाणी लावली. इआनिश लिस्बनच्या बाहेर आमादोरात कमांडो रेजिमेंटच्या ठिकाणाहून ऑपरेशन चालवत होते आणि मैदानात जाइम नेव्हिशचे कमांडो होते. संध्याकाळी मोन्सांतोचं हवाई दलाचं केंद्र परत मिळवलं. तिकडे टीव्हीवर उठाववाल्यांचा एक कॅप्टन लोकांना लाइव्ह भाषण देत होता, मध्येच प्रसारण लिस्बनहून पोर्तोच्या स्टुडिओवर वळवलं आणि लोकांच्या घरात भाषणाच्या जागी डॅनी केचा विनोदी सिनेमा सुरू झाला! त्यावरून लोकांना कळलं की हवा फिरली. दुसऱ्या दिवशी मिलिटरी पोलिसांच्या रेजिमेंटवर कारवाई झाली, तिथे तीन सैनिक मेले, दोन कमांडो आणि एक पलीकडचा. देश यादवी युद्धाच्या उंबऱ्यावर होता, उत्तर आणि दक्षिण भांडायला तयार होते, आणि ते तीन मृत्यूंवर थांबलं. तीन जीव गेले ही वाईटच गोष्ट, पण काय होऊ शकलं असतं ते बघितलं की त्या प्लॅनची किंमत कळते.

म्हणजे त्यांनी कम्युनिस्टांना संपवलं का?

नाही, आणि मला ह्यात सगळ्यात मोठेपण दिसतं. जिंकल्यावर उजव्या गटातले बरेच जण म्हणत होते की आता कम्युनिस्ट पक्षावर बंदी घाला, हिशोब पुरा करा. पण २६ तारखेला मेलो आंतुनिश टीव्हीवर आले आणि म्हणाले की पोर्तुगालच्या लोकशाहीला ह्या पक्षाचीही गरज आहे. इआनिशही सूड घेण्याच्या विरुद्धच होते. पाच महिन्यांनी २५ एप्रिल १९७६ ला नवी राज्यघटना लागू झाली आणि त्याच दिवशी निवडणूक झाली, त्यात कम्युनिस्टही लढले. आज पोर्तुगालमध्ये उजवे लोक २५ नोव्हेंबर साजरा करतात आणि डावे नाक मुरडतात, दोन्ही बाजू त्या दिवसाला आपल्या सोयीने वापरतात, पण तो दिवस ज्यांनी घडवला ते लोक मध्यावर उभे होते.

राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक सोपी गेली का?

१९७६ ची सोपी. समाजवादी पक्ष आणि त्याच्या उजवीकडचे दोन मोठे पक्ष अशा तिघांनी त्यांना पाठिंबा दिला, २७ जूनला ६१.५९ टक्के मतं मिळाली. ओतेलो १६ टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्या नंबरवर. वय ४१.

१९८० ची अवघड होती. तोपर्यंत उजव्यांची आघाडी सत्तेत आलेली आणि पंतप्रधान सा कार्नेइरोंनी इआनिशांच्या विरुद्ध दुसरा एक जनरल, सुआरिश कार्नेइरो, उभा केला होता, इआनिश जिंकले तर मी पंतप्रधान राहणार नाही असंही सांगून टाकलं होतं. आणि मतदानाच्या तीन दिवस आधी, ४ डिसेंबरला, प्रचारसभेसाठी पोर्तोला निघालेलं सा कार्नेइरोंचं छोटं विमान लिस्बनजवळ कामाराते इथे कोसळलं, सगळे गेले. तो अपघात होता की घातपात ह्यावर तिथल्या संसदेच्या कितीतरी चौकशी समित्या झाल्या. एवढ्या धक्क्यात मतदान झालं आणि इआनिश ५६ टक्क्यांनी परत निवडून आले, ह्यावेळी जास्त मतं डावीकडून. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या सैनिकांना त्यांनी थोपवलं होतं त्यातल्या बऱ्याच जणांना आता तेच आपले वाटले.

राष्ट्राध्यक्ष पण तेच आणि सैन्यप्रमुख पण तेच, मग हुकूमशहा बनायला काय अडचण होती?

कागदावर काहीच अडचण नव्हती. पहिल्या टर्ममध्ये ते राष्ट्राध्यक्ष, तिन्ही दलांचे प्रमुख आणि शिवाय 'क्रांती परिषदे'चे अध्यक्ष होते. ही परिषद म्हणजे सैनिकी अधिकाऱ्यांची, तिला संसदेचे कायदे घटनेत बसतात का हे बघायचा अधिकार होता आणि सैन्याचे कायदे तर तीच करायची. एवढी ताकद हातात असलेला जनरल आपल्या शेजारच्या देशांत काय करतो ते आपण बघितलंय. पाकिस्तानात त्याच काळात, १९७७ मध्ये, झिया आले होते.

इआनिशांनी त्या सत्तेचा उपयोग सैन्याला हळूहळू बराकीत परत न्यायला केला. राजकारणात रमलेले अधिकारी परत सैनिकी कामाला लावले, हुकूम म्हणजे हुकूम हे पुन्हा बसवलं. १९८२ मध्ये संसदेने दोन तृतीयांश मतांनी घटना बदलली, क्रांती परिषद रद्द झाली आणि राष्ट्राध्यक्षाचे अधिकारही कापले. त्यांना ते सगळं पटलेलं नव्हतं. त्यानंतरचा संरक्षण कायदा त्यांनी व्हेटो करून परत पाठवला, संसदेने तो पुन्हा पास केला, तर त्यांनी मान्य केला. बस. रणगाडे नाही, रेडिओवर भाषण नाही. नियमाप्रमाणे हरले आणि नियम पाळला. १९२६ च्या बंडापासून ज्या देशाचं राजकारण सैन्याच्या सावलीत चाललं होतं तिथे हे एका जनरलने करणं मला रणांगणावरच्या कुठल्याही शौर्यापेक्षा मोठं वाटतं.

पण त्यांच्यावर टीका पण होते ना?

होते आणि त्यातली काही रास्त आहे. १९७८ मध्ये समाजवादी नेते मार्यो सुआरिश यांचं सरकार आघाडी फुटल्यावर त्यांनी बरखास्त केलं आणि पाठोपाठ आपल्या पसंतीचे तीन पंतप्रधान नेमले, ज्यांच्यामागे कुठलाच पक्ष नव्हता. पहिलं सरकार तर संसदेत लगेच पडलं. तिसऱ्या होत्या मारिया द लुर्दिश पिंतासिल्गो, पोर्तुगालच्या आजवरच्या एकमेव महिला पंतप्रधान, त्यांनी निवडणुकीपर्यंतच्या थोडक्या महिन्यांत सामाजिक सुरक्षेचं चांगलं काम केलं. तरी पक्षांना बाजूला ठेवून सरकार चालवायचं हा प्रयोग चुकीचाच होता असं माझं मत आहे, लोकांनी मतं पक्षांना दिली होती. सुआरिश आणि इआनिश यांचं त्यानंतर कधी जमलं नाही. १९८० ला समाजवादी पक्षाने इआनिशांना पाठिंबा दिला तरी सुआरिश वैयक्तिक बाजूला झाले.

परदेशी धोरणात काय केलं?

अंगोला १९७५ मध्ये स्वतंत्र झाला पण पोर्तुगालशी संबंध पार बिघडलेले. १९७८ च्या जूनमध्ये इआनिश आणि अंगोलाचे राष्ट्राध्यक्ष अगोस्तिन्यो नेतो बिसाऊला भेटले आणि तिथून गाडी रुळावर आली. जिथे इआनिश वसाहतवादी सैन्याचे अधिकारी होते त्याच शहरात, आता स्वतंत्र देशाच्या राजधानीत पाहुणे म्हणून. १९८५ ला चीनचा दौरा केला, मकाव परत द्यायच्या वाटाघाटींचं तिथे ठरलं. आणि १२ जून १९८५ ला युरोपियन समुदायात सामील व्हायच्या करारावर लिस्बनमध्ये सह्या झाल्या, १ जानेवारी १९८६ पासून पोर्तुगाल सदस्य. ह्या शेवटच्याचं मुख्य श्रेय सुआरिशना जातं.

स्वतःचा पक्ष काढला होता ना, त्याचं काय झालं?

त्यांच्या नावावर त्यांच्या समर्थकांनी १९८५ मध्ये पक्ष काढला, डेमोक्रॅटिक रिन्यूअल पार्टी म्हणता येईल. पहिल्याच निवडणुकीत जवळपास १८ टक्के मतं आणि ४५ जागा! इआनिश तेव्हा अजून राष्ट्राध्यक्ष, पद सोडल्यावर ते पक्षाचे नेते झाले. १९८७ मध्ये ह्या पक्षाने काव्हाको सिल्व्हांच्या अल्पमतातल्या सरकारवर अविश्वास ठराव आणला, सरकार पडलं, निवडणूक लागली आणि काव्हाकोंना पूर्ण बहुमत मिळालं, इआनिशांचा पक्ष ४५ वरून ७ जागांवर आला. त्यांनी नेतेपद सोडलं. पक्ष चालवणं हे त्यांचं काम नव्हतंच, त्यांना सगळ्यांपेक्षा वर उभं राहून पंचाची भूमिका जमायची.

पेन्शनची थकबाकी त्यांनी नाकारली ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. १९८४ मध्ये असा कायदा आला की माजी राष्ट्राध्यक्षाला त्या पदाची पेन्शन आणि दुसरी सरकारी पेन्शन एकत्र घेता येणार नाही. ह्याचा फटका बसणारे मुख्यतः ते स्वतः, सैन्याची पेन्शन त्यांचीच बुडणार होती. तरी राष्ट्राध्यक्ष म्हणून सही त्यांनीच केली. २००८ मध्ये कायदा बदलला आणि मागची थकबाकी, साधारण तेरा लाख युरो, देऊ केली तर त्यांनी नको म्हणून सांगितलं. मार्शल हा सैन्यातला सर्वोच्च किताब द्यायचं ठरलं तोही घेतला नाही. आणि सत्तरी ओलांडल्यावर, २००६ मध्ये, स्पेनच्या नवारा विद्यापीठातून पीएचडी पूर्ण केली.

त्यांच्या पत्नीबद्दल काही माहिती?

मॅन्युएला इआनिश. लहान मुलांच्या हक्कांसाठी काम करणारी एक संस्था १९८३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने लिस्बनमध्ये सुरू झाली, ती आजही चालू आहे, अत्याचार झालेल्या आणि हरवलेल्या मुलांसाठी हेल्पलाइन वगैरे.

पोर्तुगालने गोवा भारताचा आहे हे कधी मान्य केलं?

क्रांतीनंतर लगेच, सालाझारशाही असेपर्यंत नाहीच. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला, त्यांच्या बाजूने परराष्ट्रमंत्री मार्यो सुआरिश. गोवा, दमण, दीव आणि दादरा नगर हवेली सगळ्यावर भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. व्हासालो ए सिल्व्हांनाही क्रांतीनंतर सैन्यात सन्मानाने परत घेतलं, आणि १९८० मध्ये, म्हणजे इआनिश राष्ट्राध्यक्ष असतानाच, ते गोव्यात येऊन गेले, लोकांनी त्यांचं चांगलं स्वागत केलं.

ते अजून सार्वजनिक जीवनात आहेत का?

२०२५ च्या जानेवारीत त्यांनी नव्वदी पूर्ण केली. माजी राष्ट्राध्यक्ष म्हणून पोर्तुगालच्या स्टेट कौन्सिलचं सदस्यत्व तिथे तहहयात असतं. २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या पहिल्या लाटेत, ८५ व्या वर्षी, ते टीव्हीवर मुलाखतीत म्हणाले की आम्ही म्हाताऱ्यांनी उदाहरण घालून द्यायला पाहिजे, गरज पडली तर आपला व्हेंटिलेटर बायको-मुलं असलेल्या तरुण माणसाला द्यायला पाहिजे. बोलताना डोळ्यांत पाणी आलेलं. ज्या माणसाला देशाने वर्षानुवर्षं काळ्या चष्म्यात, न हसता बघितलं होतं त्याला असं बघून पोर्तुगालमध्ये बरेच लोक हलून गेले, त्याच्यावर उलटसुलट चर्चाही झाली, कारण म्हाताऱ्यांचा जीव कमी मोलाचा आहे का हा प्रश्न त्यातून निघतोच, आणि तो प्रश्न विचारणाऱ्यांचंही बरोबर होतं.